आधी नावं सांगा

हेलसिंकीहून मिक्कोनं लिहिलंय, अगदी नम्रपणे:
तीनशे चौदा ओळी काढून टाकू.
वीस वर्षांपूर्वीचा कंपायलर आता कोण वापरतं?
जी सिस्टिम तिच्या कंपनीनंच सोडून दिली
तिचं ओझं आपण कशाला वाहायचं?

मी सांगलीत, विश्रामबागला, दुसऱ्या मजल्यावर
त्यानं लाल केलेल्या ओळी वाचत बसते.
चहावर साय धरते.
बरोबर आहे त्याचं.
लाल ओळींतल्या निम्म्या तर माझ्याच हातच्या,
तेव्हाही वैतागून लिहिलेल्या.

तो कंपायलर म्हणजे लग्नपत्रिकेचा मजकूर तपासणारा काका.
आधी सगळ्यांची नावं सांगा, म्हणतो,
वर, उंबऱ्यापाशीच.
एकदा कार्य सुरू झालं की मधेच
नवा पाहुणा आणायचा नाही.
दोन तिरक्या रेघा मारून पुटपुटलेलं त्याला चालत नाही.
टीप द्यायची तर रेघ आणि चांदणीनं दार उघडा,
बोलून झालं की
चांदणी आणि रेघेनं लावून घ्या.

गेल्या मार्गशीर्षात अंकलखोपच्या अलीकडे
स्कूटर पंक्चर झाली म्हणून थांबले होते.
समोर पत्र्याचं दूध संकलन केंद्र.
आत प्लास्टिकच्या पिशवीतला कॉम्प्युटर,
कीबोर्डवरचे आकडे झिजून पांढरे,
अक्षरं कोरी करकरीत.
फॅटचं मशीन तारेतून तीन आकडे पाठवत होतं,
आणि काळ्या पडद्यावर, तळाशी, बारीक अक्षरात
आमच्या लायब्ररीचं नाव.
आवृत्ती शून्य पूर्णांक नऊ.
आपल्याच सहीचा कागद
परक्या घरात भिंतीला लावलेला दिसावा तसं झालं.

भूपाल मगदूम म्हणाला,
संघानं नवा दिला होता, ताई, चकचकीत.
तो महापुरात गेला.
हा माळ्यावर होता, भंगारात द्यायचा म्हणून,
तेवढा राहिला.

आज त्याला फोन केला.
मशीन बदलणार आहात का?
"कशाला ओ? चालतंय की.
संघ म्हणतोय दिवाळीनंतर बघू.
कुठल्या दिवाळीनंतर, ते नाही म्हणाला."
मागे कॅनची झाकणं वाजत होती,
प्रिंटर करकरत होता:
म्हैस, सहा पूर्णांक चार.
ती पावती घेऊन कुणीतरी
रक्कम तोंडानं पुन्हा मोजत होतं.

मिक्कोला लिहिलं: एक जण आहे.
त्यानं विचारलं: एकच?
मी लिहिलं: मला दिसलेला एकच.
तोही पंक्चर झालं म्हणून.

दोन दिवस काही नाही.
मग त्याची एक ओळ आली:
ठीक. पण तपासायचं तू.

म्हणून रविवारी कपाटावरचा जुना डबा खाली उतरवते.
त्याला उठायला साडेचार मिनिटं लागतात,
तेवढ्यात मी कुंड्यांना पाणी घालून येते.
तो कुरकुरतो, तापतो,
बावन्नाव्या ओळीवर अडून बसतो.
बघते तर खरंच,
एक नाव मी मधेच घुसडलेलं असतं.
उचलून वर नेते.
पुन्हा चालवते.
यात मोठेपणा काही नाही,
कधी कधी तर नुसता राग येतो.
जगानं पुढं जावं आणि मी इथं
मेलेल्या घड्याळाला किल्ली देत बसावं?
पण ते घड्याळ मेलेलं नाही.
पहाटे पावणेसहाला
त्याच्यापुढे रांग लागते.

तीनशे चौदांपैकी अकरा ओळी मात्र
खरोखरच कुणाच्या नव्हत्या.
कुठल्या मशीनसाठी लिहिल्या होत्या
ते मलाही आठवेना.
त्या मी स्वतः काढल्या.
त्यांच्या जागी टीप लिहिली, तारीख घातली,
चांदणी, रेघ,
आणि दार लावून घेतलं.